ऐकून घेण्याची फी

"कावून?"

मेस्त्री एवढंच विचारायचे. मान डावीकडे कलती, चष्मा कपाळावर, हातातला पाना हवेत थांबलेला. आमच्या बीडकडे 'का' म्हणायला सगळेच 'कावून' म्हणतात, पण गरज पडली तरच. मेस्त्रींना तो शब्द श्वासासारखा लागायचा. डॉक्टर म्हणाले, गोळी जेवणाआधी घ्या, की "कावून?" बँकेतल्या बाई म्हणाल्या, दोन ठिकाणी सही करा, की "कावून?" एका लग्नात गुरुजींनी "मुलीच्या मामांना बोलवा" म्हटलं, तर मांडवाच्या मागून आवाज आला, "कावून?" मुलीचे मामा आधीच रुसून बसले होते. ते ताडकन म्हणाले, "बराबर हाय. कावून?" मुहूर्त टळून गेला आणि गुरुजी पुढे कायम मेस्त्री दिसले की रस्ता बदलायचे.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. नसेल तर तुमच्या गावाची कामं वेळेवर होत असतील.

वडवणीत बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मेस्त्री. एसटीच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि निवृत्त झाल्यावर ते त्या शेडमध्ये मशीन बनवायला बसले. मशीन सीताफळाची. आमच्या डोंगराकडेला सीताफळ उदंड. हंगामात बाजारात टोपल्यांच्या रांगा लागतात आणि दोन दिवसांत निम्मी फळं पिकून फुटतात. गर काढून थंड ठेवला तर टिकतो, पण गरातून बिया वेगळ्या करता करता बायकांची बोटं आखडतात. मेस्त्रींनी जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम घेतला, त्याला भोकं पाडली आणि आत भंगारात मिळालेले बसचे वायपर बसवले. वायपर गर घासून खाली पाडायचे आणि बिया एका पाइपातून बाहेर यायच्या.

बाहेर यायच्या म्हणजे सुटायच्या. पहिल्या चाचणीत एक बी माझ्या दुकानातल्या ट्यूबलाइटवर बसली, दुसरी एका गिऱ्हाइकाच्या पाठीत. तो शिपाई भरतीचा फॉर्म भरायला आला होता. "कुनी मारलं बे?" म्हणत तो बाहेर धावला आणि एक बी त्याने कपाळावर घेतली.

दुसऱ्या चाचणीत मेस्त्रींनी काकूंशी, म्हणजे स्वतःच्या बायकोशी, शर्यत लावली. इकडे मशीन, तिकडे पाटावर बसलेल्या काकू. काकू जिंकल्या. शिवाय मध्ये उठून त्यांनी चहाही केला. मेस्त्री आठ महिन्यांसाठी पुन्हा शेडमध्ये गेले. पुढच्या हंगामात मशीनने काकूंच्या पाचपट काम केलं, तेव्हा काकूच जास्त खूश झाल्या. "सुटले बाई," म्हणाल्या.

आता अशी मशीन आणखी बनवायची तर कुणीतरी भांडवल घालायला हवं होतं. मला कॉम्प्युटरवर एक जाहिरात दिसली. पुण्यात एक संस्था नव्या उद्योगांची आणि एंजल गुंतवणूकदारांची गाठ घालून देणार होती.

"एंजल म्हंजी?" मेस्त्रींनी विचारलं.

"देवदूत. पण इथं म्हणजे नव्या धंद्यात पैसे लावणारी मोठी माणसं."

"भर फॉर्म."

फॉर्म इंग्रजीत होता. मी वाचून सांगत गेलो, ते उत्तरं देत गेले. टीममध्ये किती जण? "दोन. तिला धरून." तुमचा प्रतिस्पर्धी कोण? मेस्त्रींनी प्रामाणिकपणे काकूंचं नाव सांगितलं. मी तेच टाइप केलं. शेवटच्या पानावर आलो आणि थांबलो.

"मेस्त्री, फी आहे. पंधरा हजार. वर जीएसटी."

मान डावीकडे कलली. पुढे काय होणार ते मला कळलं होतं, म्हणून मी स्वतःच संस्थेचा नंबर लावून फोन स्पीकरवर ठेवला.

पलीकडे गोड आवाजाची मुलगी होती. मेस्त्रींनी तिला समजावून विचारलं, "ताई, मशीन मी बनिवली. घेऊन मी येनार. दाखवनार बी मीच. आन पैसे बी मीच द्यायचे?"

"हो सर."

"कावून?"

मुलगी "सर, होल्ड करा" म्हणाली आणि संगीत सुरू झालं. मेस्त्रींनी त्यावर मान डोलावली. संगीत संपलं तेव्हा एक साहेब आले.

"सर, आमच्या एंजल्सचा वेळ फार मोलाचा असतो. ते खूप बिझी असतात."

"मंग त्येंला बोलावता कावून?"

पुन्हा संगीत. दुसरे साहेब आले ते तयारीनिशी. "सर, हॉलचं भाडं असतं, माणसं असतात. आणि फी ठेवली की सीरियस लोकच येतात. नाहीतर कुणीही उठतो आणि कल्पना सांगत बसतो."

मेस्त्रींनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "ह्याच्यात पॉइंट हाय बे." मग हात काढून म्हणाले, "मंग देवदूताकडून बी फी घेता का? ते सीरियस हायेत का न्हाई, कसं कळनार?"

साहेब म्हणाले, तुम्हाला मेल करतो. तो मेल अजून यायचा आहे.

मी आपला व्यवहारी माणूस. म्हटलं, "मेस्त्री, भरून टाका. मी तरी काय करतो? पोरं भरतीचा फॉर्म भरायला येतात. नोकरी लागो न लागो, मी माझे पैसे घेतोच."

"तू टायपिंग करतोस. ते काय करनार?"

"ऐकणार. सात मिनिटं."

"ऐकायचे पैसे?" मेस्त्रींनी जाता जाता माझ्या दुकानातला एक रिकामा पुठ्ठा उचलला.

दुसऱ्या दिवशी शेडच्या दारावर पुठ्ठा लटकत होता. 'ऐकून घेण्याची फी. सात मिनिटांस दहा रुपये.'

मला वाटलं गंमत आहे. पण अकराच्या सुमारास एक विमा एजंट आला, त्याने दहा रुपये दिले आणि सात मिनिटं बोलला. वडवणीत त्याचं सलग सात मिनिटं कुणी ऐकलं नव्हतं. जाताना त्याचे डोळे भरले होते. मग एक आजोबा सुनेची तक्रार घेऊन आले. ते सलग तीन दिवस आले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, तशी सून वाईट न्हाई. चौथ्या दिवशी निवडणुकीला उभे राहणारे एक पुढारी आले. त्यांनी शंभराची नोट दिली, म्हणजे सत्तर मिनिटं विकत घेतली, आणि रस्ता, पाणी, तालुक्याचा विकास सगळं सांगितलं. शेवटी हात जोडून म्हणाले, "तर ह्या खेपेला आमालाच निवडून द्या."

"कावून?" मेस्त्री म्हणाले.

पुढाऱ्यांनी खिशातून दुसरी नोट काढली.

सहाव्या दिवशी मेस्त्रींनी पुठ्ठा काढून टाकला. चेहरा उतरला होता. "ऐकनं लई अवघड काम हाय बे. डोकं धरतंय. दहा रुपये लई कमी हायेत."

"मग भरायची का फी?"

"न्हाई. मी ऐकलं, ते समद्यांनी बघितलं. ते ऐकनार, हे कुनी बघितलंय?"

फॉर्मची मुदत शुक्रवारी संपत होती. शुक्रवारी दुपारी मेस्त्री जेवून झोपले असताना काकू माझ्या दुकानात आल्या. पदराखालून त्यांनी एक रुमाल काढला आणि टेबलावर ठेवला.

"भाऊ, भरा."

"मेस्त्रींना विचारलं का?"

"त्येंला विचारलं की कावून म्हनत्याल."

मी रुमालाकडे बघत राहिलो. काकू घरच्या म्हशीचं दूध विकायच्या, त्यातून जमवलेले हे पैसे होते हे सांगायची गरज नव्हती. म्हटलं, "काकू, ह्याचा उपयोग होईलच असं नाही. ती माणसं कदाचित नाहीच म्हणतील."

"म्हनू द्या." काकू स्टुलावर टेकल्या. "भाऊ, चाळीस वर्सं त्येंचं समदं मी ऐकलंय. बसचा गिअरबॉक्स मला पाठ हाय. क्लच प्लेट कावून जळती ते झोपेत सांगीन. पर मला सांगून त्येंचं मन भरत न्हाई. मी नुसती हं म्हनते. एकदा तरी शिकल्यासवरल्या मान्सांनी त्येंचं ऐकावं. पैसे घिऊन का हुईना."

मी फी भरली. पावती छापताना प्रिंटर दोनदा अडकला, ते बरं झालं, कारण मला जरा तोंड फिरवायला मिळालं.

मेस्त्रींना पावती दाखवली तेव्हा ते म्हणाले, "कावून?" काकू म्हणाल्या, "माजी हौस." त्यांच्या प्रश्नाला त्याहून छोटं उत्तर मी तरी ऐकलं नव्हतं. ते पावतीची घडी खिशात घालून शेडमध्ये गेले.

आम्ही भाड्याच्या जीपने पुण्याला गेलो. मागे मशीन आणि सीताफळांच्या तीन टोपल्या, पुढे काकू. पैसे त्यांनी भरले होते, त्यामुळे खिडकी त्यांची. काचेच्या उंच इमारतीखाली वॉचमनने मशीन अडवली. मग बोलणं ऐकून म्हणाला, "बीडचे का? आमी गेवराईचे." त्यानेच ती सामानाच्या लिफ्टमधून वर चढवली.

वर एका खोलीत तरुण मुलंमुली लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. सगळे ओठ हलवत पाठांतर करत होते, जणू बोर्डाची परीक्षा. मेस्त्रींनी एकेकाला विचारलं, "तुमी बी फी भरली? कावून?" कुणाला सांगता येईना. एक जण म्हणाला, "काका, सगळेच भरतात." एका नाशिकच्या मुलीचा फ्रीजरचा डबा बंद पडला होता आणि आतलं आइस्क्रीम पातळ व्हायला लागलं होतं. ती रडकुंडीला आली होती. मेस्त्रींनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, प्लग उघडला, सुटलेली तार जोडली. तिने खुशीने आम्हाला एकेक कप दिला. सीताफळाचं आइस्क्रीम होतं.

"बिया कुनी काढल्या?" काकूंनी लगेच विचारलं.

"दहा बायका लागतात हो मावशी. त्यातच सगळा नफा जातो."

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

आत सोफ्यांवर पाच देवदूत बसले होते. तिघे मोबाइलमध्ये, एक लॅपटॉपमध्ये आणि एक कॉफी ढवळत. टेबलावर घंटी आणि सात मिनिटांचं घड्याळ. मेस्त्रींनी नमस्कार करून मशीनची ओळख करून दिली. कॉफीवाल्यांनी मान वर न करता विचारलं, "हे तुम्ही स्केल कसं करणार?"

मेस्त्रींनी शर्टाच्या खिशातून पोलादी पट्टी काढली. "स्केल हाय की."

"तसं नाही, धंदा मोठा कसा करणार? बरं, एक्झिट काय आहे?"

मेस्त्रींचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच कुणी मुद्द्याचं विचारलं होतं. "एक्झिट ही इथं," त्यांनी पाइप दाखवला. "बिया हितून भायेर पडत्यात. दावतोच." साहेब लावलेले पैसे बाहेर कसे काढायचे ते विचारत होते.

मी "जाळी, जाळी" म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलं. पाइपाच्या तोंडावर लावायची जाळी जीपमध्येच राहिली होती. पहिली बी कॉफीत पडली. दुसरी लॅपटॉपवर वाजली. मग मोजता आल्या नाहीत. तीन मोबाइल खाली ठेवले गेले, आणि पाचही देवदूत सोफ्यांमागे वाकून, फक्त डोळे वर काढून, मेस्त्रींकडे एकटक बघू लागले. एवढं लक्षपूर्वक मेस्त्रींचं आयुष्यात कुणी ऐकलं नसेल.

मशीन थांबली. काकूंनी पिशवीतून वाट्या काढल्या आणि प्रत्येकाच्या हातात गर दिला. पांढराशुभ्र, एकही बी नाही. सगळे खात होते. घंटी वाजली. मेस्त्री म्हणाले, "कावून?" आणि कॉफीवाल्या साहेबांनी स्वतः घड्याळ उलटं करून ठेवलं. मेस्त्री पुढे अर्धा तास बोलले. ड्रमबद्दल, वायपरबद्दल, क्लच प्लेट का जळते त्याबद्दलही. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. एकदाही हं म्हणाल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी मेल आला. कल्पना उत्तम आहे, सध्या गुंतवणूक शक्य नाही, संपर्कात राहू. मी मराठीत वाचून दाखवला. मेस्त्रींनी मान हलवली आणि शेडमध्ये गेले. त्यानंतर आठवड्याने नाशिकच्या मुलीचा फोन आला. दारामागून तिने मशीनचा आवाज ऐकला होता, मग आत जाऊन रिकाम्या वाट्याही बघितल्या होत्या. तिला एक मशीन हवी होती, आणि तिच्या ओळखीतल्या दोघांना एकेक. जाळीसकट.

मी विचारलं, "मेस्त्री, मग फी भरली ते बरोबर झालं की चूक?"

त्यांनी पान्याने एक नट आवळला. "द्यायला हरकत नव्हती. पर भायेरच्या खोलीत बसलेल्या पोरीला द्यायला पायजे होती."

मेस्त्रींनी एकूण अकरा मशीन बनवल्या. बाराव्या मशीनच्या ड्रमला भोकं पाडून झाली होती, तेव्हा एका सकाळी छातीत कळ आली आणि बीडला पोचायच्या आतच ते गेले. शेड आता बंद आहे. शिपाई भरतीचे फॉर्म भरायला मुलं येतात, मी त्यांना दोन ठिकाणी सही करायला सांगतो, ती निमूट करतात. कामं भराभर होतात. मला ते फारसं आवडत नाही.

त्या वेळी पुण्याहून परतताना मांजरसुंब्याच्या अलीकडे काकूंनी जीप थांबवायला लावली होती. "कपिलधार हितंच हाय ना? मी कधी बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, धबधबा अजून भरून पडत होता. यात्रेकरूंची गर्दी नव्हती. काकू पायऱ्या उतरून थेट तुषारांत जाऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर मागे पडला तरी त्यांना कळलं नाही, आणि शाळकरी मुलीसारख्या मोठ्याने हसायला लागल्या. मेस्त्री काठावरच्या खडकावर होते. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, एका हातात स्वतःच्या चपला, दुसऱ्या हातात काकूंच्या. पाण्याच्या आवाजात काकू त्यांना काहीतरी ओरडून सांगत होत्या, ते काही केल्या ऐकू येत नव्हतं, आणि मेस्त्री पुन्हापुन्हा मान हलवून म्हणत होते, "हं. हं."