क्लचबाईंची खार आणि दादाची खार

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांच्या नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. शेजारी शिकाऊ माणूस बसला की त्यांच्या तोंडून निघणारा पहिला शब्द 'क्लच', मधला शब्द 'क्लच' आणि माणूस उतरताना सुनावलेला शेवटचा शब्दही 'क्लच'. सगळे त्यांना क्लचबाई म्हणायचे. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्यांनी ते नाव रंगाऱ्याकडून शाळेच्या पाटीवरच लिहून घेतलं.

लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसत. पस्तिशीत गाडी शिकायला गेल्या, तेव्हा तिथल्या मास्तरांनी चार दिवसांत हात टेकले. म्हणाले, "ताई, तुमच्याच्यानं हे व्हायचं नाही." बाईंनी त्यांचं ऐकून घेतलं, दुसरीकडे शिकल्या आणि पुढे त्याच मास्तरांच्या समोरच्या फुटपाथवर स्वतःची शाळा काढली. आपल्यानं होणार नाही असं मनात धरून आलेल्या माणसांना शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काही काळाने मास्तरांनी आपल्या मुलीलाही त्यांच्याकडेच पाठवलं, आणि बाईंनी जुना हिशोब न काढता तिला मन लावून शिकवलं.

शाळेची गाडी एका जुन्या कंपनीची होती. कंपनीचं चिन्ह म्हणजे शेपूट उभारून बसलेली खार, म्हणून लोक त्या गाडीलाही खारच म्हणत. बाईंच्या खारीने काय नाही सोसलं? शिकाऊंनी तिचे गिअर करकरवले, तिला भिंतीला घासली, फुटपाथवर चढवली. तरी ती रोज सकाळी एका किल्लीत सुरू व्हायची. कोणती गाडी घेऊ, असं कोणी विचारलं की बाई दुसरा विचारच करत नसत. "खार घे आणि निर्धास्त झोप," एवढंच त्यांचं उत्तर.

त्यांच्या थोरल्या भावाचा अनुभव मात्र नेमका उलटा होता. दादाचं चष्म्याचं दुकान होतं. बहिणीने गाडी घेतली त्याच महिन्यात, त्याच शोरूममधून, त्याच रंगाची खार त्यानेही घरी आणली. ती पहिल्याच आठवड्यात सिग्नलला बंद पडली. मग चढावर पडली, मग पेट्रोल पंपावर. समोरचे दिवे मनाला येईल तेव्हा लागायचे आणि मनाला येईल तेव्हा विझायचे. सर्व्हिस सेंटरमध्ये नेली की मात्र शहाण्यासारखी चालायची. तिथला मॅनेजर मान हलवून म्हणायचा, "गाडीत काही नाही साहेब. चालवण्याच्या सवयीचा भाग असतो."

मॅनेजरचं दादाने एक वेळ सोडून दिलं असतं, पण बहीणही तेच म्हणाली. "दादा, तू क्लचवर पाय ठेवून चालवतोस. बंद पडेल नाहीतर काय?"

ती बोलून गेली आणि घरभर ते बोलणं झालं. एखाद्या लग्नाला दादा जरा उशिरा पोचला की कोणीतरी विचारायचंच, "चालवत आलात की ढकलत?" सगळे हसायचे. दादाही हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. तेव्हापासून तो त्या खारीवर खार खाऊन होता. दुकानात चष्म्याचा नंबर काढायला बसलेल्या गिऱ्हाइकालाही सांगायचा, "वरची ओळ वाचा. आणि आयुष्यात ती गाडी घेऊ नका."

अशी आठ वर्षं गेली. दादाची मुलगी शिकून फिजिओथेरपिस्ट झाली. पेशंटच्या घरोघरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे, म्हणजे तिला गाडी लागणारच होती. ती एका रविवारी वडिलांना घेऊन आत्याकडे आली आणि चहाचा कप हातात घेऊन तिने सरळ विषय काढला.

"आत्या, खार घेऊ का?"

"घे की. त्यात विचारायचं काय?"

"माझ्या दारात दुसरी खार उभी राहणार नाही," दादा म्हणाला.

"दादा, गाडीचा दोष नाही तो."

"मग कोणाचा? माझा?"

बाईंनी फक्त त्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं. पोरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एक करा," ती म्हणाली. "महिनाभर गाड्या बदला. आत्याची बाबांकडे, बाबांची आत्याकडे. मग दोघं मिळून मला एकच काय ते सांगा."

दोघंही लगेच तयार झाले, कारण आपण जिंकणार याची दोघांनाही खात्री होती. बाईंनी मेकॅनिककडून आपल्या गाडीतले, शिकवणाऱ्याच्या सीटपुढचे जादा ब्रेक-क्लच काढून दादाच्या गाडीत बसवून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर शिकवायला सुरुवात केली. पहिले काही दिवस गाडी लोण्यासारखी चालली. बाई संध्याकाळी फोन करून भावाला ते आवर्जून ऐकवत. दादा पलीकडून फक्त म्हणायचा, "थांब जरा."

त्या दिवसांत त्यांच्याकडे एक निवृत्त नर्स शिकत होत्या. उभी हयात त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, पण स्टिअरिंग धरलं की त्यांचे हात थरथरायचे. नवऱ्याचे डोळे अधू झाले होते आणि आता घरातली गाडी त्यांनाच चालवायची होती. बाईंनी त्यांच्यावर जीव तोडून मेहनत घेतली होती. लायसन्सच्या परीक्षेच्या सकाळी नर्सबाईंचे हात पहिल्यांदाच स्थिर होते.

रांगेत नंबर लागेपर्यंत ऊन चांगलंच चढलं. परीक्षेच्या मैदानात एक सिमेंटचा चढ होता. त्यावर मध्येच गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा पुढे न्यायची. नर्सबाई चढावर थांबल्या. हँडब्रेक ओढला, क्लच हळूच सोडला, अगदी शिकवल्याप्रमाणे. आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. नर्सबाईंचे डोळे भरून आले. "बाई, मला नाही जमायचं," त्या खिडकीतून म्हणाल्या.

"तुमचं काही चुकलं नाही. मी पाहत होते," बाई म्हणाल्या आणि अधिकाऱ्यांना विचारून स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. शेकडो माणसांना शिकवणारा पाय त्यांनी क्लचवरून उचलला, रेशमासारखा. गाडी एक आचका देऊन बंद पडली. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. समोरचे दिवे आपोआप लागले, विझले आणि गाडीने मान टाकली. मागे रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या शाळेच्या मास्तरांपैकी कोणीतरी खोकलं. अधिकारी सभ्यपणे म्हणाले, "बाई, तुमच्या हातून?"

बाईंना जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. पण त्याच क्षणी त्यांना दुसरंही काही जाणवलं, आणि ते जास्त बोचलं. दादाला हे असं रोज वाटत असणार. त्याच्याकडे तर 'तुमचं काही चुकलं नाही' म्हणणारंही कोणी नव्हतं.

त्यांनी त्यालाच फोन लावला. दादा दुकान नोकरावर टाकून बाईंची गाडी घेऊन आला. त्याला वाटलं असतं तर त्या भर मैदानात तो सगळं वसूल करू शकला असता. पण त्याने बहिणीचा चेहरा पाहिला आणि नुसती आपल्या हातातली किल्ली नर्सबाईंपुढे धरली. "ही घ्या. ही बंद पडत नाही. मी रोज वाट पाहिली."

अधिकाऱ्यांनी गाडी बदलायला परवानगी दिली. नर्सबाई त्या दुसऱ्या खारीत बसल्या, चढावर थांबल्या आणि पाण्यावरून होडी सरकावी तशा पुढे गेल्या. पास झाल्या.

ती गडबड ओसरली तेव्हा भाऊ-बहीण मैदानाच्या कठड्यावर बसले होते. समोर दादाची खार बॉनेट उघडून उभी होती.

"दादा," बाई म्हणाल्या, "तुझी गाडी खरंच वाईट आहे."

दादाने चष्मा काढला आणि पुसत बसला.

"मी बाहेरगावी गाडी नेणं सोडलं, ठाऊक आहे तुला? तुझी वहिनी माहेरी एसटीने जाते. मला वाटायला लागलं होतं, आपल्यालाच येत नाही. एवढे सगळे म्हणतात तर नसेलच येत."

"सगळ्यांना म्हणायला मीच शिकवलं."

"हो," दादा म्हणाला. "तुझ्या गाडीत खोट काढायचा मी फार प्रयत्न केला. खड्ड्यांतून नेली, उन्हात तापवली. एक आवाजसुद्धा करेल तर शपथ."

दुसऱ्या दिवशी बाई त्याच्याबरोबर सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्या. मॅनेजरने नेहमीप्रमाणे सवयीचा विषय काढताच त्यांनी त्याला थांबवलं. "सवयी लावणं हा माझा धंदा आहे. तुम्ही चालवा. मी शेजारी बसते." तो टाळाटाळ करू लागला. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसून राहिल्या. येणाऱ्या गिऱ्हाइकांतले निम्मे त्यांचेच विद्यार्थी. जो तो थांबून विचारत होता, "बाई, तुम्ही इथे? गाडीला काय झालं?" आणि बाई प्रत्येकाला शांतपणे, सविस्तर सांगत होत्या. थोड्याच वेळात मॅनेजर किल्ली घेऊन उठला.

बाईंनी त्याला बाजारातून नेला, पुलावरून नेला, तुंबलेल्या रहदारीत घातला. घाई केली नाही. उन्ह चढलं, गाडी तापली आणि भर चौकात मॅनेजरच्याच हातात बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. मॅनेजरचे कान लाल झाले.

"क्लचवर पाय होता का तुमचा?" मागच्या सीटवरून दादाने अगदी मऊ आवाजात विचारलं.

मग मात्र गाडी उघडली गेली. डॅशबोर्डच्या मागे वायरींचा एक जुडगा कारखान्यातच पत्र्याखाली चेमटून बसवला गेला होता. गाडी तापली की पत्रा टेकायचा, थंड झाली की सुटायचा. मॅनेजरने दादाची माफी मागितली आणि नवीन वायरिंग घातलं. पुढच्या रविवारी दादा वहिनींना त्याच गाडीतून माहेरी घेऊन गेला आणि गावात शिरताना गरज नसताना हॉर्न वाजवत गेला.

राहिला प्रश्न पोरीचा. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा आत्याने प्रथमच विचार करून उत्तर दिलं. "कंपनीचं नाव सांगून मी मोकळी झाले असते. पण तुला कंपनी चालवायची नाही, एक गाडी चालवायची आहे. तीच बघू." तिघं मिळून गेली. बाईंनी गाड्या चढावर उभ्या केल्या, दादाने भर दुपारी त्या उन्हात तापवून पाहिल्या. एका खारीचा स्टिअरिंगमधला आवाज दादाने बरोबर पकडला आणि ती नाकारली. दुसरी पोरीने घेतली. ती घ्यायला दादानेच मान डोलावली, हे घरात कोणाला खरं वाटेना.

आताही बाईंकडे लोक गाडीविषयी विचारायला येतात. बाई म्हणतात, "माझी उत्तम निघाली. माझ्या भावाची वाईट निघाली. दोन्ही ऐका, मग ठरवा." आणि त्यांना चष्म्याच्या दुकानाकडे धाडतात. दादा त्यांना खुर्चीत बसवतो आणि पहिल्या आठवड्यातल्या सिग्नलपासून सगळी कथा सांगतो. चौकातल्या मॅनेजरपाशी आला की तो थोडा थांबतो, कारण तिथे माणसं हसतात. आणि समोरचा डोळे बारीक करून पाहत असेल, तर दादा त्याच्या डोळ्यांचा नंबरही काढून देतो.