हशाची जागा

पडद्यावर मी वीसेक वर्षं कुणाचा ना कुणाचा बाप झालो. गरीब बाप, तिरसट बाप, व्याह्याच्या पायावर पागोटं ठेवणारा बाप. लोक विचारतात, तमाशातला सोंगाड्या तुम्ही, एकदम असे रडके कसे झालात? मी काहीतरी थाप मारून वेळ मारून नेतो. खरी गोष्ट ओझरला एका दुपारी घडली.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. नारायणगावच्या एका फडात मी सोंगाड्या होतो. जुन्नर-आंबेगावातली एकही जत्रा मी सोडली नव्हती. आणे गावच्या यात्रेत तर मी तमाशाच्या बोर्डावर नुसता पाय टाकला तरी माणसं पोट धरून हसायची. अशात कोल्हापूरचा एक डायरेक्टर ओझरला शूटिंगला येणार, त्याला बापाच्या कामाला माणूस हवाय, असा निरोप आला. मी फडमालकाकडं चार दिवसांची सुट्टी मागितली. तो म्हणाला, जायचं तर जा, पण जाताना तुझी कपड्यांची पेटी घेऊन जा. मलाही राग यायला वेळ लागत नाही. मी पेटी उचलली. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या जागी दुसरा सोंगाड्या उभा केला. म्हणजे हे काम हातचं गेलं तर मंचरच्या बाजारात कांद्याची पोती उचलायची, एवढंच माझ्यापुढं उरलं होतं. बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, मालकानं कौतुकानं पाठवलंय.

सीन अगदी साधा होता. बाप दिवाळीला लेकीला न्यायला तिच्या सासरी येतो. पडवीत बसलेला सासरा सांगतो, ती परवाच वारली. बापानं तिथंच उभं राहायचं आणि एवढंच म्हणायचं, "जरा पाणी द्या."

नदीकाठचं एक घर त्यासाठी घेतलं होतं. अंगणाच्या एका बाजूला गावोगावची पुरुषमंडळी दाटीवाटीनं उभी होती आणि नदीच्या अंगाला, धुणी घेऊन आलेल्या बायका. मी अंगणात शिरलो, वहाणा काढून झटकल्या, आणि पुरुषांत हशा पिकला. सासऱ्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं. आवाजाच्या यंत्रावर बसलेल्या माणसानं मान हलवली. पहिला टेक गेला.

दुसऱ्यांदा मी पाणी मागितलं आणि सवयीनं थांबलो. डावी भुवई आपोआप वर गेली, मान गर्दीकडं वळली. डायरेक्टरनं विचारलं, इथं का थांबलात? मी खरं ते सांगितलं, ही हशाची जागा आहे. तमाशात वाक्य टाकायचं आणि थांबायचं. हशा येऊन ओसरेपर्यंत पुढं तोंड उघडायचं नाही. तो चिडला नाही. हळू आवाजात म्हणाला, इथं हशा नकोय हो. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्याच्या माणसांनी हात जोडून गर्दीला विनवलं, पावणं, हसू नका. त्यानं तर आणखीच वाट लागली. लोक तोंडात उपरण्याचे बोळे कोंबून उभे राहिले. त्यांचे खांदे गदगदा हलत आणि ऐन वेळी कुणाचा तरी बांध फुटे. तिसरा टेक गेला, चौथा गेला. त्यातली कितीतरी तोंडं माझ्या ओळखीची होती. त्या हशावरच मी इतकी वर्षं जगलो होतो आणि आता एकेकाच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटत होतं.

तेवढ्यात चिंचेखाली नजर गेली. माझ्यासारखंच धोतर, माझ्यासारखाच ठिगळाचा कोट आणि तसंच लाल पागोटं घातलेला एक नट तिथं बसला होता. रंगपटातला माणूस त्याला पांढरी मिशी चिकटवत होता. मला कुणी काही बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती.

डायरेक्टर म्हणाला, ऊन पडवीतून खाली उतरलं की आजचं काम संपलं. अजून एकदा करू, मग बघू. त्या 'मग बघू'नं माझी नजर पुन्हा चिंचेखाली गेली.

आणि नेमकी तेव्हाच बायको आली. डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन नारायणगावाहून चालत आली होती. ती बायकांत जाऊन उभी राहिली. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि तिनं मला काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं. तमाशाला बायका येत नसत. कानामागं राहिलेला रंग ती पदरानं पुसायची, तेवढाच तिचा आणि माझ्या धंद्याचा संबंध. आता पहिल्यांदा बघणार, ते मला हाकलताना. तिचाच राग आला मला, आजच कशाला कडमडली म्हणून.

तिच्याकडं बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. बायका हसत नव्हत्या. एकाही टेकला हसल्या नव्हत्या. हसतील कशा? त्यांच्यातल्या कुणीच मला पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी मी लेकीला न्यायला आलेला एक म्हातारा होतो.

मी डायरेक्टरला म्हणालो, मला पुरुषांच्या गर्दीकडं पाठ करून उभं राहू द्या, तोंड नदीकडं. त्यानं उन्हाकडं पाहिलं, कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि कॅमेरा हलवायला सांगितला. त्यात ऊन पडवीच्या शेवटच्या पायरीवर आलं.

मी आलो. सासऱ्यानं सांगितलं. पाठीमागं कुणीतरी खुसखुसलं, कुणीतरी त्याला दाबलं. बायकोकडं बघायचं मी टाळलं. "जरा पाणी द्या," म्हणालो आणि मेली ती सवय, पुन्हा थांबलो. पण या वेळी हशा आला नाही.

तेवढ्यात बायकांतून एक म्हातारी पुढं आली. ती नुकतीच नदीवरून वर आली असावी, शूटिंगबिटिंग तिच्या गावीही नव्हतं. भरलेला तांब्या घेऊन ती सरळ कॅमेऱ्यासमोर माझ्याजवळ आली.

"घे बाबा," ती म्हणाली. "बस खाली."

मला वाटलं, शेवटचा टेक, तोही गेला. पण यंत्राची घरघर चालूच होती. मी खाली बसलो, तांब्या तोंडाला लावला. पाणी मिशीवरून कोटावर सांडलं. पाठीमागं एकही पुरुष हसला नाही.

'कट' झाल्यावर डायरेक्टर म्हणाला, हेच ठेवायचं. चिंचेखालचा नट मिशी सोलू लागला. मला सुटल्यासारखं झालं आणि त्या माणसाकडं बघायची लाजही वाटली.

बायकोनं नदीकाठी गाठोडं सोडलं. मी तिला सगळं सांगून टाकलं, फड सुटल्याचं, पेटीचं, मंचरच्या पोत्यांचं. ती तडकेल अशी माझी तयारी होती. तिनं भाकरीवर ठेचा ठेवला, भाकरी माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. डोळे पुसलेले दिसत होते.

"मंग इतकी वर्सं," ती म्हणाली, "लोकं तुमाला बघून हसत्यात कशाला?"