एकतीस प्रमाणपत्रांचे काल्चेव्ह सर

शनिवारी सकाळी मी बाल्कनीत हिवाळ्यासाठी लाल मिरच्या भाजत होते. सप्टेंबरात आमच्या इमारतीतल्या प्रत्येक बाल्कनीतून हाच धूर निघतो. हात काळे, नखांत सालं. अशात दार वाजलं की आधी कपाळाला आठी पडते, मग दार उघडलं जातं.

दारात तिसऱ्या मजल्यावरचे दोब्री काल्चेव्ह सर. अंगात कोट, पायात सपाता, आणि वेटरने ट्रे धरावा तसा हातावर उघडा लॅपटॉप.

"नेवेनाबाई, जरा खाली चला. त्सोना आजी कोड देत नाहीये."

"मग मी काय करू? माझ्या मिरच्या करपतील."

"दहाच मिनिटं. नाहीतरी कोड दहा मिनिटांच्या वर चालत नाही."

सर आमच्या शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवतात. वर्गाच्या खिडकीतून डॅन्यूब दिसते, पलीकडे रुमानियाचा काठ दिसतो. या सव्वीस वर्षांत त्यांनी एकही वर्ग नदीवर नेलेला नाही, वारा असतो म्हणे. पूर्वी ते बसून पाठ्यपुस्तक वाचून दाखवायचे. मग इंटरनेटवरची फुकट साधनं आली आणि वाचायचे कष्टही वाचले.

साधनांना मी नावं ठेवत नाही. माझी बहीण प्लेव्हेनला शिकवते. तिने असल्याच एका फुकट नकाशावर मुलांकडून शहरातले जुने पाणवठे शोधून भरून घेतले. पोरं दोन महिने बूट चिखलात घालून हिंडत होती. सरांच्या हातात तेच साधन म्हणजे झोपाळूच्या हातातली उशी. ते पडद्यावर प्रश्नांचा खेळ लावतात आणि स्वतः कॉफी पितात. माझी बिल्याना सहावीत आहे. तिला मी एकदा विचारलं, "डॅन्यूब कुठे उगम पावते गं?"

"निळा त्रिकोण."

"म्हणजे?"

"आई, त्या प्रश्नाचं उत्तर निळा त्रिकोण आहे. सर सगळ्या वर्गांना तोच खेळ देतात. प्रश्न यायच्या आत दाबला की जास्त गुण."

तासाभराचं ऑनलाइन शिबिर संपलं की एक प्रमाणपत्र मिळतं. सरांकडे अशी एकतीस आहेत. सगळी प्लास्टिकमध्ये घालून त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात लावली आहेत, जिथे पूर्वी नकाशे होते तिथे. एकावर 'डिजिटल दीपस्तंभ' असं लिहिलंय.

आता कोडचं. सरांचं आवडतं साधन तीसच दिवस फुकट मिळतं, पुढे पैसे मागतं. मग सर नव्या नावाने नवं खातं काढतात. नव्या खात्याला नवा फोन नंबर लागतो, त्यावर कोड येतो. त्यासाठी सर दारं ठोठावतात. मार्चमध्ये आमचा नंबर झाला, एप्रिलमध्ये त्सोना आजींचा, मग चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा. त्या कंपनीच्या लेखी आमच्या इमारतीत भूगोलाचे अकरा शिक्षक राहतात.

मिरच्यांची भट्टी बंद करून मी जिना उतरू लागले. "आज एवढी घाई कसली, सर?"

"एप्रिलचं खातं हो. फार दिवस उघडलं नाही तर पुसून टाकतात. आज दुपारी बाराला जाणार. पासवर्ड आठवत नाही, म्हणून कोड हवा. सोमवारी विदिनहून तपासनीसबाई येतायत, त्यांना 'नदीच्या आठवणी' दाखवायच्यात."

मी पायरीवरच थांबले. एप्रिलमध्ये बिल्यानाच्या वर्गाने नदीवर काम केलेल्या बारा म्हाताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. ती कल्पनाही मुलांचीच. त्या बारांत त्सोना आजींचे यजमान, गेनो आजोबा होते. चाळीस वर्षं त्यांनी नदीवर बोट चालवली. जुलैत गेले.

"सर, त्यात गेनो आजोबांचा आवाज आहे."

"असेलच की. सगळेच आहेत."

"आजींना सांगितलंत?"

"कोड द्या म्हणून सांगितलं ना!"

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. आजींच्या दारावर आजोबांच्या फोटोचा, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचा श्रद्धांजलीचा कागद अजून चिकटलेला होता. दार साखळीपुरतंच उघडलं.

"नेवेना, बरं झालं आलीस. सकाळपासून सातदा आकडे आलेत फोनवर. चोर मागे लागलाय माझ्या."

"आजी, चोर नाही, मीच आहे," सर म्हणाले.

"बघ! कबूलच केलं की!"

आजींच्या या भीतीला हसायचं कारण नाही. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी फोनवरच्या तोतया पोलिसाचं ऐकून आयुष्याची पुंजी पिशवीत भरून बाल्कनीतून खाली टाकली. तेव्हापासून जिन्याखाली पोलिसांचा कागद आहे: फोनवर आलेला आकडा कोणालाही सांगू नका. आजींनी तो पाठ केलाय.

"आजी, मी शिक्षक आहे," सर म्हणाले.

"माहीत आहे. तुझ्या आईनेही तुला कधी दुकानात एकटं पाठवलं नाही, दोब्री."

मी सरांना बाजूला केलं. "आजी, या माणसाच्या खात्यात गेनो आजोबा बोललेत. बिल्यानाशी, एप्रिलमध्ये. बारा वाजता ते पुसलं जाईल."

साखळी निघाली. आजींनी फोन माझ्या हातात दिला. "तू वाच. त्याला दाखवू नकोस."

मी आकडे सांगितले, सरांनी टाइप केले, दोनदा चुकले. खातं उघडलं. आजी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या आणि सरांनी आवाज लावला.

आधी बिल्याना. "आजोबा, धुक्यात वाट कशी कळायची?"

मग तो खरखरीत आवाज. "इंजिन बंद करायचं आणि कान द्यायचा. खाली रेती असली की पाणी कुजबुजल्यासारखं जातं. खोल असलं की गप्प. एकदा काय झालं..."

मध्येच सर. "आजोबा, थोडक्यात. फुकटात तीनच मिनिटं मिळतात."

"मग ते यंत्र घेऊन तू जा, दोब्री. मी पोरीला सांगतो सगळं." खुर्ची सरकल्याचा आवाज. "त्सोने, पोरीला काहीतरी खायला आण गं!"

तिथे संपलं.

"मी इथेच होते, चीजची बानित्सा कापत," आजी म्हणाल्या. "ऐकूच आलं नाही मला. ओसुद्धा दिली नाही."

सर स्वतःचा आवाज ऐकून लॅपटॉपच्या कडेवरची धूळ पुसत बसले होते.

"सर, हे आजींच्या फोनमध्ये उतरवून द्या," मी म्हटलं.

त्यांनी इकडे दाबलं, तिकडे दाबलं. एक यादी उघडली, मिटली. "ते फुकटात मिळत नसावं," म्हणाले.

रेकॉर्डिंगच्या लगतच, टोक खाली असलेला एक छोटा बाण होता. माझ्या घरात गाण्यांपासून लोणच्याच्या कृतीपर्यंत सगळं त्याच बाणाने उतरतं. भाजलेल्या मिरच्यांच्या काळ्या बोटाने मी तो दाबला आणि गेनो आजोबांना आजींच्या फोनवर पाठवलं. लॅपटॉपवर काजळीचा ठसा उमटला. आजी फोन कानाशी धरून आतल्या खोलीत गेल्या, दार ओढून घेतलं.

आम्ही दोघंच उरलो. पडद्यावर अजून अकरा नावं होती. त्यांतले तिघं आता नाहीत. बाराला वीस मिनिटं कमी होती.

'डिजिटल दीपस्तंभ' त्या ठशाकडे बघत होता. मग दार नीट लागलंय ना हे वळून पाहून, हळू आवाजात म्हणाला,

"नेवेनाबाई, हे उतरवायचं कसं, ते मला एकदा दाखवा."