टबातली शेगडी

वॉटफर्डहून मिल्टन कीन्सला निघताना माझ्या लेकीने, मेधाने, माझं सामान पाहून कपाळाला हात लावला.

"आई, हाफ डेच्या ट्रिपला एवढा मोठा बॅग?"

"डिंकाचे लाडू आहेत त्यात. आणि तुझ्यासाठी नाहीत."

मेधाचा जन्म मिल्टन कीन्सचा, म्हणून तिच्या मराठीत बॅगही पुल्लिंगी. तेव्हा ते नवंकोरं शहर होतं. चिखल भरपूर, माणसं थोडी. माझे यजमान जवळच्या हॉस्पिटलात डॉक्टर. पुढे निवृत्तीनंतर आम्ही पुण्याला परतलो, मेधा इथेच इंग्लंडात राहिली; मी तिच्याकडे आले होते. आता तिथल्या हौशी मंडळींनी गावाच्या जुन्या आरोग्यसेवेचं प्रदर्शन भरवलं होतं आणि जून नावाची हेल्थ व्हिजिटर (बाळंतिणीच्या घरी येऊन बाळ तपासणारी सरकारी नर्स) चहाला येणार होती. जूनने ऐंशी ओलांडलेली. मला तिची माफी मागायची होती, आणि तीही आमच्या दोघींपैकी एकजण जाण्याआधी.

स्टेशनवरून टॅक्सी केली. या गावात चौक नाहीत, नुसते राउंडअबाउट (रस्त्यातले गोल). आमचा ड्रायव्हर एकाच गोलाला तीनदा प्रदक्षिणा घालून म्हणाला, "सॉरी, आंटी." मी म्हटलं, "घाला हो, पुण्यच लागेल."

प्रदर्शन एका हॉलमध्ये होतं. लस टोचायच्या काचेच्या सिरिंजा, क्षयरोगाच्या तपासणीची पोस्टरं, आणि बाळाला झोळीत टांगून वजन करायचा काटा. त्या काट्यापाशी माझे पाय थबकले.

मेधा झाली त्या हिवाळ्यात मी चोवीस वर्षांची, बी.ए. आणि महामूर्ख होते. आईचं पत्र आलं होतं: चाळीस दिवस शेक चुकवू नकोस. पुण्याहून साड्यांत गुंडाळून आणलेली लोखंडी शेगडी, हे ड्युटीवर गेले की, मी पेटवायची. पलंगाखाली निखारे, वर ओव्याची धुरी आणि थंडी नको म्हणून खिडक्या गच्च बंद. डॉक्टरची बायको बरं का! एके सकाळी बेल वाजली. इन्स्पेक्शन आलं, या धास्तीने मी शेगडी उचलून बाथटबात ठेवली आणि दार उघडलं. जून आत आली, झोपाळलेल्या बाळाला उचललं आणि साऱ्या खिडक्या सताड उघडल्या. बाळाला स्वतःच्या कोटात घेऊन ती खिडकीशी उभी राहिली.

"घरात कुठे आग पेटवली होती का?"

"छे!" मी म्हटलं.

तासाभराने बाळ रडलं. मला वाटलं, हिनेच गारठवलं. मी आरोग्य खात्याला तक्रार धाडली आणि जूनला ऑफिसात बोलणी खावी लागली. बाळ झोपेत नव्हतं, निखाऱ्यांच्या विषारी वायूने गुदमरत होतं, हे मला पुढे कधीतरी एका लेखातून कळलं. घरी कुणाला सांगायचं धाडस झालं नाही.

जून कोपऱ्यात काकडीचं सँडविच खात बसली होती. मी नाव सांगितलं, मेधाला पुढे केलं आणि सगळं बोलून टाकलं.

"मी खोटं बोलले होते. शेगडी होती."

"माहीत होतं," जून म्हणाली. "डिअर, तुमच्या बाथरूमच्या दाराखालून धूर येत होता."

"मग ऑफिसात सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमच्या दारात चौकशी आली असती. तुम्ही एकट्या, ओली बाळंतीण. बोलणी काय, चहाबरोबर गिळली मी." मग माझ्याकडे रोखून पाहत तिने विचारलं, "पुन्हा पेटवलीत?"

"दुसऱ्याच दिवशी. पण खिडकी उघडी ठेवून."

ती खो खो हसली. "मग झालं की माझं काम!" लाडू तिने दोन खाल्ले. दात तिचे स्वतःचे होते.

परतीच्या ट्रेनमध्ये मेधा माझ्याकडे वळली.

"आई, बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"ओके. तू तेव्हा कम्प्लेंट लिहिलास ना? आता त्याच ऑफिसला खरं लिही."

"अगं, जून कधीच रिटायर झाली."

"सो व्हॉट? तिच्या नावावर तो कम्प्लेंट अजून असेल."

इंग्लंडने मला खूप दिलं, हे मी सगळ्यांना सांगत असते. पण मी इंग्लंडला कागदावर फक्त एकदाच काही लिहून दिलं होतं आणि तेही खोटं. वॉटफर्डला पोचल्यावर कोट न काढताच टेबलाशी बसले. निखारे, टब, धूर, सगळं लिहिलं. खाली सही केली. मेधाने पत्र ओढून घेतलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं: ते बाळ मी. मग तिनेही सही केली.