पांढऱ्या दोरीचा मान

सदर इसम नामे बळवंत तामोरे, राहणार नवापूर, वर्ण सावळा, व्यसन नाही, मुंबईच्या एका गोदीतून सन्मानपूर्वक सेवानिवृत्त, प्रकृती सर्वसाधारण, हलकी कामे करण्यास पात्र.

सरकारदरबारी एवढ्यावर माणूस ओळखू येतो. नवापुरात मात्र बळवंतची ओळख वेगळी होती. गोदीत त्याचं काम जहाजाच्या पोटात उतरून वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसची दोरी नि कापड गुंडाळण्याचं. आधी जुनं खरवडायचं, मग नवं चढवायचं. खरवडताना शेवरीचा कापूस फुटावा तशी धूळ उडे. जेवणाच्या सुट्टीत माणसं त्याच कापडाची वळकटी उशाला घेऊन झोपत. मऊ असे, हे मान्य केलं पाहिजे.

सुटीवर येताना इतर चाकरमाने मिठाई आणत, बळवंत पांढरी दोरी आणी. होडीच्या इंजिनाचा धूर नेणारा पाइप असा तापतो की खलाशाच्या पायाची कातडी सुटावी. ही दोरी बांधली की त्याला टेकून झोपता येई. मग रिवाजच पडला. नारळी पुनवेआधी होड्यांना रंग लागे आणि पाइप बळवंतनेच बांधायचे. पूजेत पहिला नारळ समुद्राला, दुसरा बळवंतला. मुंबईत तो नेमकं काय करतो हे गावाला कधी कळलं नाही, पण ह्या नारळामुळे काहीतरी मोठं करत असावा, असा समज टिकून राहिला.

दोन वर्षांपासून त्याचा दम पुरेना. बोईसरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विडी विचारली. त्याच्या बायकोनं, माईनं, आयुष्यात नाय म्हणून सांगितलं. मग डॉक्टरांनी नोकरी विचारली. दोरीची धूळ फुप्फुसात बसली आहे, ती निघत नाही, आता जपून राहा, एवढंच म्हणाले. जपून म्हणजे कसं, हे विचारायला बळवंतला दम नव्हता.

यंदा पुतण्या जितेश आपल्या होडीचा पाइप बांधून मागायला आला. पाइपावरची दोरी सुटून तिचे तंतू लोंबत होते. खलाशी त्याच पाइपाशेजारी झोपत, जितेशही. काकांनी माळ्यावर शेवटचं एक बंडल राखून ठेवलंय हे त्याला ठाऊक होतं. बळवंत चार दिवस उद्या-परवा करत राहिला. दोरी वाईट म्हणायची, तर गावात आपण इतकी वर्षं काय वाटून दिलं, तेही म्हणावं लागणार होतं. शेवटी तो किनाऱ्यावर गेला, वाळूवर ओढलेल्या होडीच्या सावलीत बसला आणि जितेशला म्हणाला, जुनी दोरी काढ, नवी बांधायची नाय. आधी पाणी ओत, पार भिजू दे, तोंडाला ओलं फडकं बांध.

जितेश हसला. "काका, मुंबयचा डॉक्टर झालात काय? इतकी वर्सं तुमीच बांदली. कोनाला काय झाला नाय."

"मला झालाय," बळवंत म्हणाला.

जितेशचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, कुठे ठेवावं कळत नसल्यासारखं. मग त्यानं बादली उचलली.

ओली दोरी निघाली. एक खलाशी म्हणाला, टाका समुद्रात. बळवंतनं मानेनंच नको म्हटलं. माळ्यावरच्या बंडलासकट सगळं दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधलं गेलं. ते गाठोडं अजून घरामागे आहे. कुठे द्यायचं असतं हे ग्रामपंचायतीत कोणालाही माहीत नाही, आणि विचारल्याबद्दल त्यांनी आभार मानले आहेत. बाकीच्या होड्यांचे मालक ऐकून घेतात, मान हलवतात आणि दोरी तशीच ठेवतात. बळवंत रोज एकाच्या ओट्यावर जाऊन बसतो. दम लागतो म्हणून थोडकंच बोलतो, नि तेच तेच.

बोईसरहून आणलेली, ॲस्बेस्टॉस नसलेली पट्टी जितेशनं स्वतः बांधली, जराशी वाकडी. बळवंतला होडीच्या पोटात उतरवलं नाही. पुनवेला पूजा झाली, पहिला नारळ समुद्राला गेला आणि दुसरा जितेशनं काकांच्या हातात दिला.

नारळ उचलणं हलक्या कामात मोडतं. निम्म्या वाटेवर बळवंतनं तो रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर ठेवला, आणि तिथून पुढे माईनं नेला.