मागच्या फळीवरचं वजन

रोपवाल्यांना राग पटकन यायचा आणि तो कुणी मनावर घ्यायचं नाही. रोपवाटिकेत काम करणाऱ्या मावशी तर तोंडावर सांगायच्या, "काका, ओरडून झालं असेल तर पाणी सोडा." बत्तीस वर्षं या माणसानं रोपं विकली, पण गोड बोलून विकणं काही जमलं नाही. "हे रोप सावलीत जगेल ना?" असं कुणी दुसऱ्यांदा विचारलं, की म्हणायचे, "सावलीत जगेल. तुमच्याकडे जगेल का ते सांगता येत नाही." गिऱ्हाईक फुरंगटायचं. मग मागून बायको यायची, दोन शब्द हसून बोलायची, आणि गिऱ्हाईक एकाऐवजी तीन रोपं घेऊन जायचं.

ती बायको तीन वर्षांपूर्वी लेकीकडे गेली. लेक दूरच्या शहरात, इस्पितळात पाळ्या करणारी. जावई आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेलेली बायको बाळ मान धरेपर्यंत थांबली, मग रांगेपर्यंत, मग चालेपर्यंत. मध्ये दोनदा येऊन गेली, तीही चार-चार दिवस, पाहुण्यासारखी. आता नात फोनवर बोबड्या बोलीत आजोबांना दटावते.

रोज संध्याकाळी साडेसातला बायकोचा फोन यायचा आणि रोज रोपवाले तिला हवापाण्याचं सांगायचे. तू परत ये, एवढं एक वाक्य तीन वर्षांत त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. लेकीच्या अडचणीच्या काळात तिची आई ओढून आणायची म्हणजे निव्वळ स्वार्थ, असं त्यांना वाटायचं. शिवाय आपण न बोलावता तिनं आपणहून यावं हा हट्टही होताच. वाट मात्र ते रोज बघत होते, अगदी फाटक वाजलं की मान वर व्हायची इतकी.

आता ट्रॅक्टरचं सांगायला हवं. रोपवाटिकेत एक छोटा ट्रॅक्टर होता, पुढे दोन लोखंडी हात आणि त्यांना माती उचलायची बकेट. अशा ट्रॅक्टरची एक खोड असते. पुढचं ओझं जड झालं की मागची चाकं हलकी पडतात आणि जमीन सोडायला बघतात. म्हणून मागं चांगलं भरभक्कम वजन टांगायचं असतं. रोपवाल्यांनी ते कधी टांगलं नाही. नऊ वर्षं त्यांच्याकडे वजन म्हणून बायको होती.

खरंच सांगतो. मागं अवजारं जोडायचे जे दोन दांडे असतात, त्यांच्यावर त्यांनी एक जाड फळी बोल्टनं आवळली होती. जड काही उचलायचं असलं की हाक जायची, "अगं, ये गं जरा!" हातातलं काम टाकून ती यायची, फळीवर चढायची, सीटची पाठ दोन्ही हातांनी धरायची आणि हुकूम सोडायला लागायची. "अहो, हळू! अहो, एवढी भरू नका! खाली घ्या ती बकेट, खाली!" असं कुणी करू नये. पाय घसरला तर माणूस गेलाच. पण दोघांनी नऊ वर्षं ते केलं, भांडत भांडत केलं, आणि रोपवाल्यांना विचाराल तर दिवसातली तीच वेळ त्यांना सगळ्यांत आवडायची.

ती गेल्यावर फळी रिकामी राहिली. मावशी एकदा सहज म्हणाल्या, "मी उभी राहते की. काकूंपेक्षा माझं वजन जास्तच भरेल." त्यावर रोपवाले असे भडकले, की मावशींनी दोन दिवस अबोला धरला. फिटर दर सर्व्हिसिंगला बजावून जायचा, "काका, मागं वजन बसवून घ्या." हे म्हणायचे, "बघू." बघण्यासारखं काही नव्हतं. वजन बसवायचं तर फळी काढावी लागणार, आणि फळी काढली म्हणजे ती आता येत नाही हे आपणच कबूल केलं, असा त्यांचा हिशोब. फळीवर दोन ठिकाणी रंग उडाला होता, तिच्या पावलांच्या जागी. आसपास कुणी नाही असं बघून ते कधी कधी तिथं हात ठेवायचे.

मग एके दुपारी व्हायचं ते झालं. ओल्या मातीनं शिगोशीग भरलेली बकेट त्यांनी ट्रॉलीत रिकामी करायला वर घेतली, तशीच वर ठेवून उतारावर ट्रॅक्टर वळवला, आणि मागची चाकं उचलली गेली. क्षणभर रोपवाले स्टिअरिंगवर ओणवे लोंबकळत होते. हात कसा कोण जाणे लिव्हरवर गेला, बकेट खाली आदळली, आणि मागची बाजू अशी धाडकन खाली आली की त्यांच्या कमरेत कळ गेली. पुढच्या ॲक्सलची पिन वाकली, साठ-सत्तर कुंड्या फुटल्या. मावशींच्या किंकाळीनं शेजारचा रस्ता गोळा झाला.

फिटरनं पिन बदलली आणि मग ट्रॅक्टरला टेकून उभा राहिला. तो चाळिशीचा, शांत माणूस. आज मात्र चिडला होता.

"इतकी वर्षं काय केलंत हो?"

"काकू उभी राहायची मागं."

"काकूंचं वजन किती?"

"छप्पन्न."

फिटरला हसू आवरेना. "काका, या गाडीला मागं तीनशे किलो तरी लागतं. छप्पन्न म्हणजे नावापुरतं झालं."

"नऊ वर्षांत एकदाही चाक उचललं नाही!" रोपवाले तावातावानं म्हणाले. "एकदाही नाही!"

"नसेल. पण ते काकूंच्या वजनानं नाही."

रोपवाल्यांना हे लागलं. तो काय म्हणतो ते पटत होतं, म्हणून जास्तच लागलं. कमरेला पट्टा बांधून ते खुर्चीवर बसून राहिले आणि शेवटी म्हणाले, "बसव काय बसवायचं ते."

बोल्ट गंजले होते. फिटरनं ते कापायला ग्राइंडर उचलला, तेव्हा रोपवाले उठले, तेल सोडलं, आणि कमरेची कळ सोसत एकेक बोल्ट पान्यानं सोडवला. अर्धा तास गेला. फळी त्यांनी स्वतः उचलून शेडमध्ये नेली. फिटरनं ट्रॅक्टरच्या मागं तीन ठिकाणी अडकणारी लोखंडी पेटी आणली, तिच्यात भंगारातले जुने गिअर टाकले आणि वर काँक्रीट ओतलं. आठवडाभर मावशींनी त्यावर पाणी मारलं. तीनशे वीस किलो भरलं. मग ती पेटी मागं चढवली, रोपवाल्यांनी बकेट भरून वर घेतली, उतारावरून गाडी वळवली. चाक जागचं हललं नाही. फिटर खूश, मावशी खूश. रोपवाल्यांनी सवयीनं मान मागे वळवून पाहिलं आणि त्यांना एकदम रडू आलं. डोळ्यांत माती गेली म्हणाले. त्या दिवशी वारा नव्हता.

साडेसातला फोन आला. मावशींनी आधीच सगळं कळवलेलं होतं.

"पडता पडता वाचलात, आणि मला हवा किती सुटली ते सांगत होतात?"

"वजन बसवलंय आता. तीनशे वीस किलो."

"चांगलं झालं. फळी काढली?"

"काढली. फिटर म्हणतो, तुझ्या वजनाचा काही उपयोगच नव्हता."

"मला ठाऊक होतं ते."

"ठाऊक होतं? कधीपासून?"

"पहिल्या वर्षीच. छप्पन्न किलोनं ट्रॅक्टर दबतो होय?"

"मग नऊ वर्षं उभी कशाला राहिलीस?"

"मी मागं असले की तुम्ही बकेट अर्धीच भरायचात. मी ओरडले की लगेच खाली घ्यायचात. वळताना तर मुंगीच्या चालीनं वळायचात. मी पडेन म्हणून. स्वतःसाठी तुम्ही कधी सांभाळून चालवलंय का?"

पलीकडे नात कसलंसं झाकण आपटत होती. मग रोपवाल्यांच्या तोंडून ते वाक्य आपसूक बाहेर आलं, त्यांनी ठरवलेलं नसताना.

"तू परत ये. मला करमत नाही."

पलीकडचा आवाज थांबला. बायकोनं बहुधा नातीच्या हातातलं झाकण काढून घेतलं असावं.

"कालच लेकीनं विचारलं," ती हळू म्हणाली. "तिला पुन्हा दिवस गेलेत. मी राहते म्हणाले. शब्द दिला. तुम्ही कधी काही बोलला नाहीत, मला वाटलं, तुमचं भागतंय."

"नाही भागत."

"आत्ता सांगताय?"

"आत्ताच सांगता आलं."

मग ती म्हणाली, "पुन्हा म्हणा ना."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते."

ते पुन्हा म्हणाले. तिनं तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं. येते मात्र म्हणाली नाही.