राशीपाशी बोललेली मुलगी

माझ्या संसारातला सगळ्यात जुना अपमान म्हणजे माझ्या सासूबाईंचं जेवण. लग्न होऊन या घरात आले, पहिल्यांदा भात वाढायला उभी राहिले, आणि दुसऱ्या वाढीला सासूबाईंनी ताटावर आडवा हात धरला. "पुरे." मला वाटलं, भात गिचका झालाय. दुसऱ्या दिवशी मोकळा केला. "पुरे." चिन्नोर तांदूळ शिजवला, वास शेजारच्या घरापर्यंत गेला, तरी "पुरे." पुढे मला मुलगी झाली, ती कॉलेजात गेली, माझे केस पांढरे व्हायला लागले, पण ताटावरचा तो हात काही हलला नाही. आमच्या मोहल्ल्यात लग्नकार्य असलं की भात रांधायला मोठ्या गंजापाशी मलाच बसवतात, हे इथे मुद्दाम सांगते.

सासूबाईंचं नाव कलाबाई. आता ऐंशीला टेकल्यात. तिरोड्याच्या अलीकडचं लहानसं गाव त्यांचं माहेर, आणि तिथून फार लांब नाही असं आमचं गाव सासर. अंगानं काटकुळ्या, बोलणं तुटक. पण धानाच्या रोवणीला चिखलात उतरल्या की धडधाकट बाया मागे पडायच्या आणि ह्या बांध गाठून पाणी पीत बसलेल्या असायच्या. बाया मला चिडवायच्या, "अलका, सासूले जेवू घालत नाई का वो?" मी काय उत्तर देणार? एवढ्याशा भातावर ही बाई चालते कशी, हे मलाही कळत नव्हतं.

आमच्या विहारात सहा डिसेंबरला वंदना झाली की म्हातारी माणसं उठून सांगतात, बाबासाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा आपण कुठे होतो. मी नवी नवरी होते तेव्हा सांगणाऱ्यांची रांग असायची. कुणी विडीच्या कारखान्यात पानं कापत होतं, कुणी तळ्यावर बैल धूत होतं, कुणी बाळंतीण होतं. सगळ्यांना त्या क्षणाची बारीकसारीक गोष्ट आठवायची, हातात काय होतं, ऊन कुठवर आलं होतं. ऐकताना लेकरंसुद्धा चुळबुळ करायची नाहीत. रांग वर्षागणिक लहान होत गेली आणि आता तो दिवस स्वतः पाहिलेल्या एकट्या सासूबाई उरल्या आहेत. त्या उठतात, "मी खळ्यावर होती. मीच बाले सांगतलं," एवढं बोलतात आणि बसतात. दरवर्षी एवढंच.

यंदा माझी मुलगी दामिनी गोंदियाहून आली होती. आजी बोलणार म्हणून मोबाइल समोर धरून बसली, आणि आजीचं दोन वाक्यांत आटोपल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं. पण पोरगी माझी आहे, सोडणारी नाही. घरी आल्यावर सासूबाई अंगणात उन्हाला सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या, तशी ही त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली.

"आजी, पूरा बताव ना. खळ्यावर काय करत होती तू?"

"काय करीन? उभी होती."

"काऊन उभी होती?"

सासूबाईंचा सुपातला हात थांबला. "बोलाले मनाई होती म्हनून. बा रास मोजून राहिला होता."

आता हे रास मोजणं दामिनीला कुठून कळणार? आज हार्वेस्टर येतं आणि धान तिथल्या तिथे पोत्यात जातं. तेव्हा बैल फिरवून मळणी व्हायची, धान वाऱ्यावर धरायचं, मग खळ्याच्या मधोमध रास पडायची. ती पायलीनं मोजून घरी न्यायची. मोजायला घरचा पुरुष बसायचा, बाईनं राशीला माप लावायचं नाही. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आणि शेवटची पायली भरेपर्यंत मोजणाऱ्याशिवाय खळ्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. खोकला आला तर दूर बांधावर जाऊन खोकून यायचं. त्यातून वाईट बातमी तर नाहीच नाही. सासूबाईंच्या आजीनं त्यांना बजावून ठेवलं होतं, "राशीपाशी बोललं का बरकत उठून जाते. ढोलीत धान दिसते, पन पुरत नाई." ढोली म्हणजे धान साठवायची कणगी.

सासूबाईंचे वडील दुधराम यांनी त्याच वर्षी दसऱ्याला बायको आणि लेकीला घेऊन नागपूर गाठलं होतं आणि दीक्षा घेतली होती. परत आल्यावर त्यांनी घरातले देव सोडले. राशीचा नारळ बंद केला, लिंबू बंद केलं. मोजताना गप्प राहणं मात्र राहून गेलं. कुणी ठरवून ठेवलं नव्हतं. पण धान पुरणार नाही ही भीती घरातून काढायला देवांपेक्षा जास्त दिवस लागत असावेत.

त्या दुपारी दहा वर्षांची कला डोक्यावर शिदोरी घेऊन खळ्याकडे निघाली होती. वाटेत रेल्वेचं फाटक. फाटकावर त्यांच्याच मोहल्ल्यातला गोवर्धन गेटमन होता, तिला येता-जाता खोड्या काढून रडवणारा. आज तोच खाली बसून रडत होता. मोठा माणूस असा ओक्साबोक्शी रडताना तिनं कधी पाहिला नव्हता, ती आधी घाबरली. गोवर्धननं तिला जवळ बोलावलं.

"पोरी, टेसनातून फोन आला. बाबासाहेब गेले. तुया बाले सांग. सांजच्या गाडीनं आपले लोकं मुंबईले निघून राहिले. धाव."

ती धावली. शिदोरीतली आंबील सांडून पाठीवरून ओघळली तरी थांबली नाही. खळ्याच्या कडेला पोचली आणि तिच्या कानावर बापाचा आवाज आला, "लाभ."

रास नुकतीच मोजायला घेतली होती.

"मंग?" दामिनीनं विचारलं. तिच्या हातातला मोबाइल आता वाकडा झाला होता, तिच्या ते ध्यानातही नव्हतं.

"मंग उभी राहिली. मायनं पायलं, तोंडावर बोट ठेवलं. बा मोजून राहिला, दोन, तीन, चार. रास मोठी होती. दिवस बुडेपर्यंत चाललं असतं. तवापर्यंत गाडी गेली असती." सासूबाई सुपाकडे पाहत बोलत होत्या. "त्याच्या आदल्या साली आमाले धान पुरलं नव्हतं. पावसाळ्यात भाजीपाला उकळून खाल्ला होता. मले ते याद होतं. बोललं तं रास जाईन. नाई बोललं तं बाची गाडी जाईन."

मी चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिले होते. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आणि बोलली तू," दामिनी म्हणाली.

"बोलली. म्हटलं, बा, बाबासाहेब गेले. सांजच्या गाडीनं लोकं निघून राहिले."

दुधरामांचा हात पायलीसकट राशीतच राहिला. कुणी सांगितलं, कधी, कसं, त्यांनी काही विचारलं नाही. लेकीला रागावले नाहीत. त्यांनी पायली राशीवर ठेवली, उठले, आणि जसे होते तसे, अंगावरच्या भुशासकट, अनवाणी, तिरोड्याच्या स्टेशनाच्या दिशेनं चालू लागले. रुख्मा, म्हणजे सासूबाईंची आई, मागे धावली आणि आपल्या अंगावरचं पांघरूण त्यांच्या खांद्यावर टाकून परत आली.

अर्धी मोजलेली रास उघड्यावर सोडता येत नाही. खळ्यावर दुसरा पुरुष नव्हता. रुख्मा राशीपाशी गेली, पदर खोचला आणि नवऱ्याच्या जागेवर बसली. मोठ्यानं रडत होती आणि मोठ्यानं मोजत होती. एकेक पायली ओतली की हुंदका, मग पुढचा आकडा. आजूबाजूच्या खळ्यांवरची माणसं पाहत राहिली. कुणी तिला ऊठ म्हटलं नाही.

दुधराम मुंबईला पोचले तेव्हा चिता पेटली होती. गर्दीच्या पार मागून त्यांना फक्त धूर दिसला. तेवढं बघून ते आले. गावी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, रास कुणी मोजली. "मी," ती म्हणाली. "बरं केलं," ते म्हणाले. मग कलाच्या डोक्यावर हात ठेवला. "तू सांगतलं म्हनून मी पोचलो, पोरी."

दामिनीनं सुस्कारा टाकला आणि मोबाइल बंद केला. "तो फिर अच्छाच झालं ना, आजी."

"अच्छाच झालं," सासूबाई म्हणाल्या. "पन मी राशीपाशी बोलली होती ना."

मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकताना माझा हात दाराच्या चौकटीवरून खाली आलाच नाही.

त्या दहा वर्षांच्या पोरीनं मनाशी हिशेब घातला होता. बरकत आपल्या तोंडानं गेली, तर तूट आपल्या पोटानं भरून काढायची. घरात रोजचे तांदूळ निवडायचं काम तिच्याकडे होतं. आई माणशी मूठ मोजून सुपात टाकायची. कला निवडता निवडता स्वतःच्या वाट्यातले अर्धे तांदूळ उचलायची आणि गुपचूप पुन्हा तांदळाच्या मडक्यात टाकायची. ताटावर बसली की एका वाढीनंतर हात आडवा. "पुरे." आई म्हणायची, पोरीचं पोट लहान आहे. असा हिवाळा गेला, उन्हाळा गेला, रोवणीचे भुकेचे दिवस गेले. अख्खं वर्ष ती पोर अर्धपोटी झोपली आणि घरात कुणाला पत्ता लागला नाही.

पुढच्या साली नवं धान आलं तेव्हा ढोलीच्या तळाशी जुनं धान शिल्लक होतं. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. रुख्मानं मोहल्ल्यातल्या बाया बोलावून दाखवलं, ज्या वर्षी बाबासाहेब गेले त्या वर्षी आमची ढोली रिकामी झाली नाही. बाया वाकून वाकून पाहत होत्या, कुणी हात जोडत होतं. त्यांच्या मागे कला उभी होती.

"तू सांगितलं नाही कुणाले?" दामिनीनं विचारलं.

"कसं सांगू? बा नागपुरात सांगून आला होता का हे सगळं सोडलं. आनि त्याच्याच घरी त्याची पोरगी हे करून राहिली? त्याले लाज वाटली असती." सासूबाईंनी सुपातला एक खडा काढून लांब फेकला. "मंग मोठी झाली, वाचाले शिकली, तवा समजलं, बोलल्यानं धान कुठी जात नाई. पन तवापर्यंत पोटाले सवय झाली होती."

विहारात दरवर्षी मी मोठमोठ्या गोष्टी ऐकत आले, आणि सगळ्यात मोठी गोष्ट माझ्याच घरात, माझ्याच हातचं जेवून, रोज ताटावर हात धरून बसत होती. मी तिला अपमान समजत होते. इतक्या लहान जिवात एवढं बळ येतं कुठून? एका शब्दानं बापाला पोचवायचं, त्या शब्दाची शिक्षा स्वतःच ठरवायची, ती वर्षभर भोगायची, आणि बापाला त्याच्या नव्या वाटेवर लाज वाटू नये म्हणून जन्मभर गप्प राहायचं. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्या पाया पडू देत नाहीत, रागावतात.

दुपार कलली तेव्हा पानं घेतली. दामिनी आजीला खेटून बसली. मी सासूबाईंना एक वाढी भात घातला, वरण घातलं. थोड्या वेळानं दुसरी वाढी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. ताटावर हात आला.

"पुरे."

मी हटले नाही. हात दुखायला लागला तरी वाढी तशीच धरून उभी राहिले.

"आई," मी म्हटलं, "बा पोचले मुंबईले. ढोली पुरली. रास कवाच घरी आली. आता जेवा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मला त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं. त्यांनी ताटावरचा हात उचलून मांडीवर घेतला. मी भात वाढला. त्यांनी तो भात कालवायला घेतला.

मग म्हणाल्या, "वरन आन अजून."